दाजींचा आवाज

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर माझ्या दाजींइतका मोठा आवाज दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गाव खंडाळा तालुक्यातलं, उंची सव्वासहा फूट. ही उंची बघूनच पलटणीतल्या कुठल्याशा सुभेदारानं त्यांना बास्केटबॉलच्या संघात ओढलं आणि बंदुकीपेक्षा चेंडूच जास्त हाताळून दाजी हवालदार म्हणून पेन्शनीत आले. मग साताऱ्याच्या एका कॉलेजात हंगामी आणि पुढं सांगलीच्या एका कॉलेजात कायमचे, असे ते मुलींच्या संघाचे प्रशिक्षक झाले. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच : ओरडायचं. मैदानाच्या कडेला उभे राहून एकदा ते "उजवीकडं! उजवीकडं वळ!" असे गरजले, तर कंपाउंडाबाहेरून उसाची ट्रॉली नेणारा ट्रॅक्टरवाला खरोखरच उजवीकडं वळला आणि प्राचार्यांच्या बंगल्याच्या फाटकात अर्धा तास अडकून बसला. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हणाले, "बघा पावणं, त्यानं ऐकलं. माझ्या पोरी ऐकत न्हाईत!"

लग्नाकार्यात दाजी जेवणाकडं कमी आणि लोकांच्या उंचीकडं जास्त बघायचे. विट्याजवळच्या एका लग्नात पंगतीत वाढणारी एक लांबसडक मुलगी त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी तिच्या वडिलांना गाठलं आणि थेट विचारलं, "पोरीची उंची किती?" वडील ऊसवाले बागायतदार. त्यांना वाटलं, पाहुणे कुणाचं तरी स्थळ घेऊन आलेत. त्यांनी रविवारी घरी बोलावलं. दाजी आक्काला आणि मला घेऊन गेले. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पदर सावरत समोर येऊन बसली. सगळं घर श्वास रोखून बसलेलं असताना दाजी म्हणाले, "बाळ, जरा उडी मारून दाखीव." आक्कानं कपाळाला हात लावला. मुलीनं मात्र क्षणभर दाजींकडं पाहिलं, पदर खोचला आणि अशी उडी मारली की तिचा हात माजघराच्या तुळईला लागला. तीच सुवर्णा. पुढं तीन वर्षं ती त्यांच्या संघाची कर्णधार होती. स्थळाचा गैरसमज मिटवताना वडिलांची समजूत घालायला मात्र आक्काला आणखी दोनदा जावं लागलं.

एवढं सगळं करून दाजींचा संघ कधी जिंकला नाही. म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत जायचा आणि तिथं हरायचा. दरवर्षी दाजी म्हणायचे, "औंदा मी कमी पडलो. पुढल्या साली अजून जोर लावतो." जोर म्हणजे आवाजाचा. आणि मग गेल्या वर्षी ऐन हंगामात तो आवाजच बसला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती हवा. आक्कानं हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं केलं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरयंत्रावर गाठी आहेत, काढून तपासायला पाठवाव्या लागतील, असं सांगितलं. गाठी म्हटल्यावर पुढचा शब्द कुणी उच्चारला नाही. आक्कानं मला साताऱ्याहून बोलावून घेतलं.

शस्त्रक्रिया झाली. पंधरा दिवस एक अक्षरही बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद मिळाली. तपासणीचा निकाल यायला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत आक्काचं घर जितकं शांत होतं, तितकं शांत घर मी पाहिलेलं नाही. दाजींनी एक पाटी विकत आणली होती. तिच्यावर ते सुरुवातीला "भाजीत मीठ कमी" असलं काहीतरी लिहायचे. पुढं पुढं तेही थांबलं. आक्का माझ्याशी बोलताना सारखी त्यांच्याकडं बघायची. मला म्हणाली, "आरं, उभ्या जन्मात ह्यांना गप बसा, गप बसा म्हणत आले. आता गप बसल्यात तर मला घास गिळंना."

आठव्या दिवशी मिरजेला गेलो. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "काही वाईट नाही. कॅन्सर नाही. ओरडून ओरडून आलेल्या साध्या गाठी आहेत. गायकांना होतात अशा." आक्का आधी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आवं डॉक्टर, ह्यांनी आरतीबी कवा सुरात म्हटली न्हाई!" आणि हसत सुटली. माझ्या पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं मला झालं. दाजींनी मात्र पाटीवर घाईघाईनं लिहिलं : "शनिवारी फायनल. जाऊ का?" डॉक्टर म्हणाले, "जा. पण तोंड उघडलंत तर पुन्हा माझ्याकडे याल."

सामना साताऱ्यात होता. बाकावर मधोमध दाजी, एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला मी. मध्यंतरापर्यंत आमचा संघ मागं होता. उत्तरार्धात दाजींनी इशारा करून टाइम-आउट मागितला आणि पाटीवर इतकं बारीक, इतकं भरगच्च लिहिलं की पोरी ते वाचेपर्यंत मिनिट संपत आलं. सुवर्णानं पाटी हळूच त्यांच्या हातातून घेतली आणि बाकावर उपडी ठेवली. "सर, तुमी बसा. आमाला ठावं हाय."

आणि मग मी एक नवीनच गोष्ट ऐकली. पोरी एकमेकींशी बोलत होत्या. "मागं हाय तुझ्या!" "सोड, मी धरते!" "इकडं दे गं!" इतकी वर्षं त्या आवाजाखाली हे बोलणं कुणाला ऐकूच आलं नव्हतं. एकेक बास्केट पडत गेली. शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी असताना चेंडू सुवर्णाच्या हातात आला. दाजी ताडकन उठले, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आक्कानं बाकावर चढून दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. तशा अवस्थेत दाजींनी आपल्या संघाला पहिल्यांदा अंतिम सामना जिंकताना पाहिलं. आक्काच्या बोटांवरून त्यांचे अश्रू ओघळत होते.

पोरींचा नाच ओसरल्यावर मी सुवर्णाला न राहवून विचारलं, आज असं काय झालं? ती निरागसपणे म्हणाली, "सरांचं समदं आमाला पाठच हाय. पण सर ओरडाय लागलं की लय गडबड व्हायची. चेंडूकडं बघायचं का सरांकडं, कळायचं न्हाई." दाजी मागंच उभे होते, हे तिला दिसलं नव्हतं. दोघांना सांगलीला पोचवायला मीही निघालो. कराड येईस्तोवर दाजी खिडकीबाहेर बघत राहिले. मग पाटीवर लिहिलं : "आधी का नाही सांगितलं कुणी?" आक्कानं ते वाचलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "सांगत हुतो की. तुमच्या आवाजात तुमाला ऐकू येत नव्हतं."

आवाज परत आला, पण मवाळ होऊन. आता दाजी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. यंदाच्या नव्या मुलींना ते मुळातच शांत स्वभावाचे वाटतात. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील. परवा मी गेलो होतो, तेव्हा सुवर्णा आली होती. शिक्षण संपवून आता ती पाचगणीच्या एका शाळेत खेळ शिकवते. साडी नेसलेली, गळ्यात शिट्टी. म्हणाली, "सर, एकदा ओरडा की. आदीसारखं." दाजींनी आक्काकडं पाहिलं. आक्का म्हणाली, "एकदाच. लय न्हाई." सराव थांबला. नव्या मुली गोळा झाल्या. सुवर्णानं चेंडू घेतला आणि बास्केटसमोरच्या रेषेवर जाऊन नेम धरून उभी राहिली. दाजी खुर्चीतून उठले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "गुडघं वाकीव, बाळ."

इतकं हळू म्हणाले. पण ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, आणि सुवर्णानं गुडघे वाकवले.