कॉलरवाल्या मावशींनी फॉर्म परत मागितला

शर्टांच्या कारखान्यात बावीस वर्षं कॉलर शिवणाऱ्या मावशींचा शब्द म्हणजे शब्द. म्हणून कारखान्याची नर्स 'तब्येतीमुळे कामात किती अडचण येते' असा फॉर्म वाटून गेली, तेव्हा साऱ्या बायकांनी आधी मावशींच्या कागदात डोकावून पाहिलं. मावशींनी बाराही प्रश्नांना 'अजिबात नाही' असं ठोकून दिलं होतं. मग काय, छत्तीस जणींनी तेच उतरवलं. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या बटणवालीनेसुद्धा, डाव्या हाताने.

नर्सने कपाळावर हात मारला. "मावशी, दवाखाने बंद करायचे का आता? अहो, कुणाला उंच खुर्ची द्यायची, कुणाला वेळेची सवलत, ते यावरूनच ठरणार आहे."

संधिवाताने मावशींची बोटं सकाळी लाकडासारखी व्हायची. दहापर्यंत सुईत दोरा ओवताना देव आठवायचा. पण हे लिहिलं की कॉलरचं मशीन जाणार आणि आपली रवानगी धागे कापायच्या टेबलावर, ही धास्ती. आधीच्या कॉलरवालीचं तसंच झालं होतं. कॉलर म्हणजे शर्टाचा चेहरा, आणि तो मावशींच्या हातचा. हा मान सोडणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

पण आपल्यापायी छत्तीस जणी दुखणं गिळून बसल्या, हे काही त्यांच्या पचनी पडेना. दुसऱ्या दिवशी त्या नर्सच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आण तो फॉर्म. खरं लिहिते. पण मोजायचंच तर नीट मोज, बाई. सकाळचा एक तास बघून निकाल लावू नकोस. दिवसभर बैस माझ्याशेजारी, आणि किती कॉलर उसवायला परत आल्या तेही लिही."

नर्स खरंच स्टूल घेऊन बसली. दहापर्यंत कॉलर झाल्या फक्त नऊ. मॅनेजर दोनदा येऊन नाक मुरडून गेले. दहानंतर मात्र मशीन जे सुटलं ते थांबायचं नाव घेईना. संध्याकाळी मोजल्या तर एकशे चार, आणि परत आलेली एकही नाही. दिवसभरात एकही नग परत न येणं साऱ्या हॉलमध्ये दुसऱ्या कुणालाच जमलं नव्हतं.

मॅनेजरांनी नर्सने लिहिलेला कागद उलटसुलट करून पाहिला आणि मुकाट सही केली: काम दहा ते सहा, मशीन तेच. मावशींनी तो कागद हॉलमध्ये उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला, 'सकाळी त्रास होतो' या ओळीसकट. आवाज जराही चोरला नाही. आपल्या वाकड्या बोटांचा इतका अभिमान त्यांना आजवर कधी वाटला नव्हता. वाचून वर बघतात तो नर्सच्या टेबलापुढे ही लांब रांग, आपापला फॉर्म परत मागायला.