माझ्या अंगात म्हणे देवी आली

परवा डोणगावात, आमच्या घरी, माझ्या अंगात देवी आली... म्हणजे सगळ्यांनी तसं ठरवून टाकलं. मला कुणी विचारलंच नाही.

मी चव्वेचाळीस वर्षांची. पाळी दोन-दोन महिने गायब, मग आली की उठू देत नाही. मध्येच छातीतून असा जाळ उठतो की चेहरा लालबुंद, पोलकं घामाने चिंब... किती दिवसांपासून घरात सांगतेय.

आमचे हे म्हणतात, "काम चुकवाचं सोंग हाये." चिखलीच्या डॉक्टरांनी तर सगळे प्रश्न ह्यांनाच विचारले आणि 'बाईंच्या मनाचे खेळ' हेही ह्यांनाच सांगितलं. मी तिथेच स्टुलावर बसले होते हो! अंगणात खाट टाकते म्हटलं, तर सासूबाईंना लोकलाजेची काळजी. झोपा आपल्या बिनखिडकीच्या माजघरात.

तर परवा घटापुढे आरती चालली होती. महायुद्धामुळे रॉकेल मिळेना, म्हणून कंदील एकच आणि त्याच्याभोवती सगळ्या बायका दाटलेल्या. त्यात धुपाचा धूर... आणि उठला जाळ. पदर घसरला, अंबाडा सुटला, मी धापा टाकायला लागले.

"देवी आली वं माय!" कुणीतरी ओरडलं. लगेच कपाळावर मूठभर कुंकू, पुढ्यात नारळ!

मला असा संताप आला... "सरका बाजूले! पाणी आणा! दार उघडा!" आणि काय सांगू, सगळं घर धावलं. लग्नापासून ज्यांनी मला पाण्याचा पेला दिला नाही, ते आमचे हे खाली मान घालून मला वारा घालत होते.

आता सगळ्यांना खरं सुनावणारच होते, तेवढ्यात मोठ्या जाऊबाई पाया पडायला वाकल्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, कधी एका शब्दाची तक्रार नाही. कानाशी येऊन पुटपुटल्या, "माय, माह्यं बी आंग असंच जळते वं. कोणाले सांगू?"

मला रडूच आलं. इतकी वर्षं आम्ही एका चुलीपुढे बसतो, आणि ही बाई हे देवीला सांगते. मला नाही!

मग मात्र मी घुमले... मुद्दाम. "ह्या दोन्ही सुना आजपासून आंगणात झोपतीन! कोणी तोंड उघडलं तं याद राखा!"

"हाव माय, हाव," म्हणत सासूबाईंनी कान धरले.

आता दोघींच्या खाटा अंगणात आहेत. जाऊबाईंना खरं सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

काल घटापुढे क्षमा मागायला हात जोडले... आणि तसेच सोडले. कशाची क्षमा? ह्या घराने माझं ऐकलं असतं, तर देवीला मध्ये आणलं असतं का मी?