स्पाउसचा रकाना आणि सात शिट्ट्या

"काकू, आयराला माझ्या रिटर्नमध्ये टाका," जेनिफर म्हणाली.

"का म्हणून? माझ्यात टाका. चाइल्डकेअरचं बिल मी भरतो," रणजित म्हणाला.

"आणि नऊ महिने पोटात कोणी वागवलं?"

"त्याची रिसीट आहे का?"

जिच्यावरून भांडण चाललं होतं ती आयरा, वय वर्षं दीड, माझ्या टेबलाखाली बसून माझी चप्पल चावत होती. मी टॅक्स एजंट आहे. सिडनीत टूनगॅबीला आमच्या गॅरेजमध्ये माझं ऑफिस आहे. लोकांची टॅक्स रिटर्न्स भरते आणि त्यांचे संसार नको तितके जवळून बघते.

त्या दिवशी गॅरेजमध्ये आणखी एक माणूसही होतं. जेनिफरच्या मम्मी, फिलोमिनाबाई. वसईहून सहा महिन्यांसाठी आलेल्या, पुढच्या गुरुवारी परत जाणार होत्या. हातात जपमाळ आणि तोंड भिंतीकडे. भिंतीवर माझ्या रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आहे, ते त्या तासभर वाचत होत्या.

त्याचं कारण जेनिफरने अपॉइंटमेंट घेताना फोनवर सांगून ठेवलं होतं. रणजित पुण्याचा, हिंदू. जेनिफर वसईची, कॅथलिक. पुण्याला लग्न हवं विधिवत, वसईला हवं चर्चमध्ये. म्हणून दोघांनी लग्न पुढच्या वर्षावर ढकललं. दर वर्षी ढकललं. मधल्या मधे आयरा झाली. लग्न होईपर्यंत त्या माणसाशी एक शब्दही बोलणार नाही, असं मम्मींनी वसईतूनच जाहीर केलं होतं, आणि सहा महिने एका छपराखाली राहून त्यांनी ते पाळलं होतं.

"काकू, मम्मीने जायच्या आधी एकदा तरी त्याच्याशी बोलावं," जेनिफर फोनवर म्हणाली होती. "बाकी काही नको. मग मी परत आयुष्यात काही मागणार नाही."

मी म्हटलं, "अगं, मी टॅक्स भरते. दिलजमाई करत नाही."

एवढ्यात मम्मी बोलल्या. भिंतीशीच.

"आयरा, तुझ्या पप्पांना सांग, खुर्ची मागे घ्यायला. माझ्या पायावर आलीय."

आयराने चप्पल चावली. रणजितने खुर्ची मागे घेतली.

"आयरा, आजीला सॉरी सांग," तो म्हणाला. घरात सहा महिने हीच टेलिफोन लाइन चालू होती आणि तिची ऑपरेटर अजून नीट बोलायलाही लागली नव्हती.

मी कामाला लागले. "हे बघा, मूल कुणाच्या नावावर टाकायचं हा प्रश्नच इथे नाही."

"म्हणजे? माझ्या ऑफिसमधल्या मित्राचा भाऊ अमेरिकेत असतो," रणजित म्हणाला. "तिकडे मूल दाखवलं की टॅक्स कमी होतो. लग्न न झालेल्या आईबापांपैकी कुणीतरी एकानेच दाखवायचं असतं."

"तुझ्या मित्राचा भाऊ अमेरिकेतच राहू दे. ऑस्ट्रेलियात मुलाची अशी वजावट नसते. फॉर्ममध्ये फक्त विचारतात, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं किती. ते कशासाठी? तर खाजगी हॉस्पिटलचा विमा नसेल आणि कमाई एका मर्यादेच्या वर गेली, तर थोडा जादा टॅक्स बसतो. कुटुंब असलं की ती मर्यादा मोठी होते. मुलं वाढली की ती अजून थोडी वाढते. पण दुसऱ्या मुलापासून."

"आणि नवराबायकोत पहिल्या मुलाचं काय मिळतं?" जेनिफरने विचारलं.

"काही नाही."

यावरूनच महिनाभर भांडत होते बिचारे. जेनिफरने तर फ्रिजवर नॅपी कुणी किती बदलल्या त्याचा तक्ता लावला होता आणि पुरावा म्हणून त्याचा फोटोही काढून आणला होता. मी तो फाइलला लावून ठेवला. आमच्या धंद्यात कुठलाच कागद टाकून द्यायचा नसतो.

मग मी मागच्या वर्षीची रिटर्न्स उघडली. ती दोघांनी घरी बसून आपापली, ऑनलाइन भरली होती. माझं हसू गेलं.

जेनिफरचं रिटर्न: स्पाउस नाही, मूल एक. रणजितचं रिटर्न: स्पाउस नाही, मूल एक. पत्ता एकच. म्हणजे एका मुलीचे दोन एकटे पालक एकाच फ्लॅटमध्ये राहत होते आणि त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

"हे काय लिहिलंय?"

"बरोबर आहे ना," रणजित म्हणाला. "लग्न कुठे झालंय?"

"लग्नाचा काय संबंध? टॅक्सवाल्यांच्या लेखी जोडपं म्हणून एका घरात संसार करता ना, झालात स्पाउस. अंतरपाट होता की नाही, ते कोणी विचारत नाही."

भिंतीकडे चाललेली जपमाळ थांबली.

"आयरा," मम्मी म्हणाल्या, "त्या काकूंना विचार, स्पाउस म्हणजे काय."

आता मीही आयरामार्फत बोलावं की काय, मला कळेना. "नवरा किंवा बायको," मी सरळ म्हटलं. "सरकारच्या हिशेबी हे दोघं नवराबायको आहेत. लग्न न करता."

जपमाळ पुन्हा सुरू झाली, पण वेग निम्मा.

"आता मागचं रिटर्न दुरुस्त करायचं," मी सांगितलं. "आपणहून चूक कळवली की ते सहसा समजून घेतात. त्यांना सापडली तर मात्र पत्रं येतात. दोघांच्या कमाईची बेरीज होईल, थोडा जादा टॅक्स बसेल, तो निमूट भरायचा. फक्त एक गोष्ट हवी. तुम्ही त्या वर्षाच्या मध्येच एकत्र राहायला लागलात ना? मग संसार सुरू झाला ती तारीख लिहावी लागते. आणि दोघांच्या फॉर्ममध्ये ती एकच हवी."

वीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलेय. लोक पटकन सांगतात आणि आम्ही पुढच्या पानावर जातो. इथे मात्र ठिणगी पडली.

"एक मार्च," रणजित म्हणाला. "माझं नाव लीजवर तेव्हा चढलं."

"मार्च?" जेनिफर उठून उभी राहिली. "अरे, मार्चमध्ये मला सातवा महिना होता! तोपर्यंत तू कोण होतास? पाहुणा?"

"तसं नाही गं. कागदावर जे आहे ते सांगतोय."

"माझ्या बाथरूममध्ये तुझा टूथब्रश सप्टेंबरपासून आहे."

"मी तेव्हा मेलबर्नला राहत होतो! ट्रुगानिनात! वीकेंडला यायचो. टूथब्रश म्हणजे संसार नव्हे."

"मग मार्च म्हणजे संसार? सांग ना, मला तरी कळू दे!"

मला वाईट वाटलं. फॉर्ममधला एवढासा चौकोन, पण आपण याची बायको कधीपासून हे तिला त्यातच वाचायचं होतं. रणजितची अडचणही दिसत होती. सासूच्या समोर तो जमेल तितकी उशिराची तारीख सांगत होता. मार्चला चिकटून बसलेला तो माणूस मुळात घाबरलेला होता.

मी पेन खाली ठेवलं. "खोटी तारीख मी लिहिणार नाही. घरी जा, ठरवा, परत या."

"दोन नोव्हेंबर."

मम्मी वळल्या होत्या. आयराकडे नाही. रणजितकडे.

"दोन नोव्हेंबर," त्या पुन्हा म्हणाल्या. "ऑल सोल्सचा दिवस. सकाळी मी जेनीच्या पप्पांच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले आणि जेवायच्या आधी जेनीला व्हिडिओ कॉल लावला. पप्पांच्या आठवणी काढत होतो. मागे कुकरची शिट्टी झाली. जेनीकडे कुकर नाही, ही विजेवरच्या भांड्यात भात करते. मी मोजत बसले. डाळीला सात शिट्ट्या! तीन पुरतात हो जावई. सात कोण काढतं? तेव्हाच मला कळलं, स्वयंपाकघरात कोणी पुरुष माणूस आहे."

जेनिफर आईकडे नुसती बघत राहिली. तुला एवढं सगळं तेव्हापासून माहीत होतं, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

रणजितच्या तोंडून कसंबसं निघालं, "पुण्याची तूरडाळ होती. जुनी. शिजत नव्हती."

"मग आधी भिजत घालावी."

"हो."

"हो काय? घालता का आता?"

"घालतो, मम्मी."

सहा महिन्यांचं मौन सुटलं ते तूरडाळीवर. पण मी शिट्ट्यांवर तारीख लिहीत नाही. रणजितला फोन काढायला लावला. ट्रुगानिनातल्या खोलीची किल्ली परत मिळाल्याचा घरमालकाचा ईमेल सापडला, एक नोव्हेंबर संध्याकाळचा. दुसऱ्या दिवशी पहाटे सामानाने भरलेली गाडी घेऊन तो निघाला होता आणि दुपारी टूनगॅबीला पोचला होता. सामानात त्याच्या आईने दिलेला कुकर होता. वसईत बसून बाईंनी अचूक तारीख पकडली होती.

दोन्ही फॉर्ममध्ये मी लिहिलं: स्पाउस, हो. दोन नोव्हेंबरपासून. जेनिफरने ती ओळ स्क्रीनवर वाचली आणि रणजितच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच डोकं टेकून रडली. आयराने घाबरून माझी चप्पल सोडली.

मम्मींना प्रिंट हवा होता.

"हे लग्नाचं सर्टिफिकेट नाही," मी बजावलं.

"मला माहीत आहे. फादरना नाही दाखवणार, ते हुशार आहेत. आमच्या आळीतल्या बायकांना दाखवीन. त्यांना इंग्रजी वाचता येतं, टॅक्स कळत नाही."

मुलीची परवानगी घेऊन, कमाईचे आकडे झाकून, मी तेवढं एक पान छापून दिलं. त्यांनी ते घडी घालून जपमाळेच्या डबीखाली पर्समध्ये ठेवलं. बाहेर पडताना कारचं दार रणजितने उघडलं. "डोकं सांभाळा, मम्मी," तो म्हणाला. "तुम्ही गाडी सांभाळा," असं थेट उत्तर मिळालं.

जादा टॅक्स बसला, तो त्यांनी भरला. दंड लागला नाही. पहिल्या मुलाचं काही मिळालं नाही, ते मिळणारच नव्हतं. लग्न अजून झालेलं नाही. पुणं आणि वसई आता निदान हॉलच्या भाड्यावरून भांडतात, म्हणजे प्रगती आहे. दर दोन नोव्हेंबरला कबरीवरून घरी आल्यावर मम्मी व्हिडिओ कॉल करतात. आधी पप्पांच्या आठवणी निघतात, मग जावयाला वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळतात. लग्नाच्या वाढदिवसाच्या. मग त्याने फोन कुकरसमोर धरायचा आणि त्यांनी मोजायचं.

मी धंद्यात एक बदल केला. संसार कधी सुरू झाला हे आता मी नवराबायकोला विचारत नाही. विचारते, "तेव्हा रोज व्हिडिओ कॉल कोण करायचं? त्यांना फोन लावा."