देवमनभाऊंच्या छातीतली नळी

सरकारी दवाखान्यात मी बातमीदार म्हणून भांडायलाच जातो. छापून येतं ते थोडंच. किस्से मात्र खिशात साचत राहतात. हे सगळे एका नळीचे!

*

देवमनभाऊ म्हणजे झाडीपट्टी नाटकातले खलनायक. वडशाजवळच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एका बैलाचं शिंग त्यांच्या छातीत डावीकडे घुसलं. फुप्फुसाभोवती रक्त साचलं. सर्जन मॅडम म्हणाल्या, "नळी टाकावी लागेल."

भाऊंना धाप लागलेली, तरी विचारलंच, "डायलॉग फेकता येईन ना मले?"

"आत पू झाला नाही, तर येईल."

*

पू होऊ नये म्हणून नळीच्या आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन हवं. वॉर्डातलं संपलेलं, स्टोअरला कुलूप!

"स्टोअरवाले साहेब कुठे आहेत?" मी ओरडलो.

शिपाई शांतपणे म्हणाला, "औषधं वेळेवर कशी पोचवाची, त्याच्या मीटिंगले गेले."

मग माझा आवाज असा चढला, की पलीकडच्या वॉर्डातून लताबाई सिस्टर इंजेक्शन घेऊनच धावत आल्या. "भांडत राहा भाऊ! आज पहिल्यांदा कामी आले तुमी!"

*

नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं आणि बाटली खाली जमिनीवरच ठेवायची असते. सकाळी पाहतो तर बाटली उशाशी, वर हळदकुंकू!

"औषधाले पाय लागते ना बाप्पा!" भाऊंची आई म्हणाली.

"माय, वर ठेवलं तर घाण उलटी छातीत जाते!" लताबाईंनी बाटली खाली ठेवली. तेव्हापासून त्या खाटेपाशी आई सगळ्यांना चपला काढायला लावायची. सर्जन मॅडमनाही!

*

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन बंद झालं. नाटक कंपनीचे मॅनेजर गोमाजी भडकले. "नळी तं अजून आत हाये! बंद काऊन केलं? हे पाहा, मी मेडिकलातून भारीतलं आणलं!"

"एक दिवस पुरे," मॅडम म्हणाल्या. "उगाच देत राहिलं, तर खरी गरज पडेल तेव्हा औषध चालणार नाही. पडदा वर गेल्यावर तुम्ही दोरी ओढतच राहता का?"

गोमाजींनी पाकीट गुपचूप खिशात टाकलं.

*

ताप आला नाही, पू झाला नाही, नळी निघाली. पुढच्या हंगामात भाऊ रंगमंचावर! मॅडम आणि लताबाई पहिल्या रांगेत.

शेवटच्या प्रवेशात नायक खंजीर उपसून धावला. भाऊंनी छाती पुढे केली. तोच लताबाई उठून ओरडल्या, "अरे, डावीकडे नको मारू! तिथं आमची नळी होती!"

नायक थबकला.

देवमनभाऊंनी छाती भरून श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज लावला, "थांब रे! आधी इंजेक्शन, मंग खंजीर!"