इंग्रजी न येणाऱ्या विहीणबाई

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढे धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसले. तेव्हा जे कोणी हे वाचेल त्यानं चुका पोटात घालाव्यात. विहीणबाई असत्या तर त्यांनी घातल्या नसत्या. त्यांनी आधी लाल पेन मागितलं असतं. पण त्या आता नाहीत, आणि मला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

विहीणबाईंना घरात इंग्रजी ऐकू येत नसे. बाकी कान तिखट होते. शेजारच्या अंगणात कुणी नळ उघडा ठेवला तर तो त्यांना स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पण नातवंडं इंग्रजीत बोलली की त्या भाजी चिरत राहायच्या.

धाकटा ओम त्यांच्यासमोर उभा राहून इंग्रजीत बिस्किट मागायचा. एकदा, दोनदा. मग पदर ओढायचा.

"काय रे? कोणी बोललं का?"

"बिस्किट."

"बिस्किटाचं काय? त्याला ताप आलाय?"

"बिस्किट पाहिजे."

"कुणाला?"

"मला बिस्किट पाहिजे."

"अस्सं. मग डब्यात आहेत. दोन काढ, एक मला दे."

आमच्या दोघींची ओळख उलट्या बाजूनं झाली. माझा मुलगा नितीन आणि त्यांची मुलगी गौरी ऑकलंडमध्ये न्यू लिनला राहतात. तो कॉम्प्युटरवर काम करतो, ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दोघंही दिवसभर बाहेर. मुलांजवळ घरचं कुणी असावं म्हणून आम्ही आज्यांनी पाळी लावून घेतली होती. सहा महिने पुण्याची आजी म्हणजे विहीणबाई, सहा महिने फलटणची आजी म्हणजे मी. त्यापेक्षा जास्त सरकार राहू देत नाही. एक विमानात बसली की आठवड्याभरात दुसरी उतरायची. खोली तीच, पलंग तोच, उशीसुद्धा तीच.

त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं मी विहीणबाईंना त्यांच्या मागे राहिलेल्या खुणांवरून ओळखत होते. मी आले की मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेले असत आणि प्रत्येकावर चिठ्ठी असे. 'गोडा मसाला. कोरडा चमचा वापरणे.' मी अक्षरं जुळवून वाचायची आणि मनात म्हणायची, आम्ही काय ओला चमचा घालतो होय? मुलांच्या बोलण्यातही त्या असत. नात तन्वी मला म्हणायची, "आजी, 'व्हय' नाही म्हणायचं, 'हो' म्हणायचं." मग सहा महिने मी तिला भाकरी थापायला शिकवायची, आणि ती पुन्हा 'व्हय' म्हणायला लागली की मला बरं वाटायचं. पुढच्या पाळीला ते पुन्हा पुसलेलं असायचं. असं आमचं न भेटता भांडण चालू होतं.

गौरीचं मोठं ऑपरेशन झालं त्या वर्षी मात्र आम्ही दोघी दोन महिने एकाच वेळी त्या घरात होतो. मी घाबरून गेले होते. बाई निवृत्त शिक्षिका, उंच, ताठ, केस पांढरेशुभ्र, साडीची निरी कधी हलायची नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पलंग दिला आणि स्वतः खाली गादी घातली. मी नको नको म्हटलं तर म्हणाल्या, "शालनताई, वाद घालायचा असेल तर जेवल्यावर घालू. उपाशीपोटी मी फार कडू बोलते."

जेवल्यावर त्या वाद घालायच्याच. पण मुद्द्याचं बोलून लगेच मोकळ्या व्हायच्या. "मी राग धरत नाही, लक्षात ठेवते," हे त्यांचं नेहमीचं. आणि मुलांना जेवताना, "पानात टाकायचं नाही आणि वाक्य अर्धं सोडायचं नाही."

माझी एक सवय त्यांनी पहिल्या आठवड्यातच पकडली. मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलली की मी हसून मान डोलवायची, "यस, यस" म्हणायची. मला कळत नाही हे मुलांसमोर दाखवायची लाज वाटायची. ओमनं त्या जोरावर एकदा जेवणाऐवजी आईस्क्रीम खाल्लं होतं.

विहीणबाईंनी मला परसात बोलावलं. कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "तुम्ही मान का डोलावता?"

"कळत नाही ना मला, विहीणबाई."

"मग तसं सांगा. तुम्हाला येत नाही यासारखी सोन्याची गोष्ट या घरात दुसरी नाही. मला ती सोंग करून आणावी लागते."

"सोंग म्हणजे?"

त्यांनी चिमटा तोंडातून काढला. "मी तीस वर्षं शाळेत काय शिकवलं माहीत आहे का तुम्हाला?"

मला वाटलं मराठी. त्या म्हणाल्या, "इंग्रजी."

मुलांना हे ठाऊक नव्हतं. तन्वी बोलायला लागली तेव्हापासून त्यांनी हे ठरवून केलं होतं. गौरी आणि नितीन यांना तंबी होती. गौरीला ते पटत नसे. "आई, हे खोटं आहे," ती म्हणायची. विहीणबाई म्हणायच्या, "खोटं नाही, उपास आहे. उपासाला घरात भात असतो, आपण खात नाही." या मुलांना मराठीत बोलायला निदान एक माणूस असं असावं की ज्याच्याशी दुसरं काही बोलताच येणार नाही, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि ती पुरी होत होती. रविवारी आम्ही अवोन्डेलच्या बाजाराला जायचो. विहीणबाई मेथीच्या जुडीकडे बोट दाखवायच्या आणि तन्वीला म्हणायच्या, "विचार, कालची आहे का आजची." तन्वी इंग्रजीत विचारायची आणि उत्तर मराठीत आजीला सांगायची. नऊ वर्षांची पोर, दोन्हीकडून बोलताना मोठी बाई झाल्यासारखी चालायची. एक भाजीवाली माओरी बाई 'किया ओरा' म्हणायची, तिला मात्र विहीणबाई हात जोडून 'किया ओरा' म्हणायच्या. ओम म्हणाला, "हे तुला कसं येतं?" त्या म्हणाल्या, "ही इथल्या मातीची भाषा आहे. पाहुण्यानं घरधन्याला त्याच्या भाषेत नमस्कार करावा."

मग तो मटारचा दिवस आला. आम्ही दोघी बैठकीच्या खोलीत मटार सोलत बसलो होतो. तन्वी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आमच्यासमोरच आईशी फोनवर इंग्रजीत बोलायला लागली. आवाज चढला, मग रडायला लागली. मला एक शब्द कळला नाही. विहीणबाईंचे हात मात्र थांबले. शेंग उघडून तशीच हातात धरली होती. चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना कळ आली.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"काही नाही. मटार कोवळे आहेत," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. प्रत्येकाच्या आजीनं नाहीतर आजोबांनी वर्गात येऊन गोष्ट सांगायची. तन्वी आईला सांगत होती की कुणालाच पाठवू नकोस. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, हिच्या आजीला बोलता येत नाही, ती येडी आहे, शाळेच्या फाटकाशी नुसती उभी राहते. बाकीच्या हसल्या. आणि तन्वीसुद्धा त्यांच्याबरोबर हसली होती. रडत होती ती त्यामुळे.

"मी जाते की," मी म्हणाले. "मला येत नाही ते खरंच आहे. मला कुणी हसलं तरी चालेल."

"तुम्हाला चालेल. तिला नाही चालणार," विहीणबाई म्हणाल्या. आणि मग, "पोर माझ्यासमोर बसून रडत होती शालनताई, आणि मी मटार सोलत होते. कसली भाषा घेऊन बसले मी."

त्या शाळेत गेल्या. मलाही बरोबर नेलं. मी वर्गाच्या मागे छोट्या खुर्चीवर बसले. तन्वीनं मान खाली घातली होती. विहीणबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि बोलायला लागल्या. गोष्ट माकडाची आणि मगरीची होती, ती मला त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळली. बोलणं मला कळत नव्हतं, पण ते कसं होतं ते कळत होतं. नळाला पाणी आल्यासारखं. मुलं हसली, गप्प झाली, मग पुढे सरकून बसली. त्यांच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ती हसणारी मुलगीसुद्धा वाजवत होती.

तन्वी वाजवत नव्हती. आजीकडे बघत होती.

घरी दारात आल्यावर ती इंग्रजीत एक वाक्य बोलली आणि आत निघून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, मी इतकी वर्षं तुझ्यासाठी दुकानात बोलत होते." विहीणबाईंनी चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या. "बरोबर आहे तिचं."

त्यानंतर तन्वी त्यांच्याशी मराठीत बोलली नाही. भांडली नाही, तोडलंही नाही. गृहपाठ विचारायची, लाडानं गळ्यात पडायची, पण सगळं इंग्रजीत. विहीणबाईही इंग्रजीतच उत्तर द्यायच्या. आता ऐकू न येण्याचं नाटक करता येत नव्हतं. तिचं बघून ओमही तसंच बोलू लागला. बिस्किट आता एका दमात मिळायचं. घरात बोलणं वाढलं आणि मला ते घर एकदम शांत वाटायला लागलं.

त्यांची जायची तारीख आली. बॅग भरताना त्या म्हणाल्या, "मूल आणि भाषा यांत एकच राखता येत असेल तर मूल राखावं. त्यात मला शंका नाही. पण तशी वेळ आणू नये. मी आणली. खरेपणानं राहिले असते तर दोन्ही राहिलं असतं." मग माझ्याकडे बघून हसल्या. "तुमचं बरं आहे. तुम्हाला सोंग नाही. आता कळलं नाही की कळलं नाही म्हणा. लाजू नका."

मी विमानतळावर त्यांना वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी खांदे धरून वर उचललं. "वयानं तुम्ही मोठ्या आहात. हिशोब तरी नीट करा."

पुढची पाळी त्यांची आलीच नाही. पुण्यात तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. माझे सहा महिने संपल्यावर मी फलटणला गेले आणि मुलं शाळेनंतर कुठल्याशा सेंटरमध्ये राहू लागली. मी पुन्हा आले तेव्हा ओमला 'चादर' म्हणजे काय ते आठवावं लागलं. काही दिवसांनी गौरी आईजवळ राहायला पुण्याला गेली. घरात नितीन, मी आणि मुलं.

विहीणबाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी गौरीनं व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपार होती, तन्वी नुकतीच शाळेतून आली होती, नितीन कामावर होता. पलीकडे सकाळ होती. नाकात नळी, पांढरे केस कुणीतरी विंचरून दिलेले. चेहरा मुठीएवढा झाला होता. त्यांनी आधी नुसतं माझं नाव घेतलं. मग तन्वीशी बोलल्या, इंग्रजीत. हळू, थांबत थांबत. तन्वी आधी हूं हूं करत होती, मग तीही बोलली. मी बाजूला बसून दोघींच्या तोंडाकडे बघत होते. आपल्या माणसाचे शेवटचे शब्द कानावर पडत होते आणि मला त्यातलं काही घेता येत नव्हतं.

फोन बंद झाला. तन्वी टेबलाशी तशीच बसून राहिली.

"काय म्हणाल्या गं?"

"नथिंग."

"तन्वी, मला कळलं नाही. खरंच काही कळलं नाही. मला सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या लक्षात आलं असावं की घरात दुसरं मोठं कुणी नाही, मला सांगायला तीच आहे.

"मला नाही येत मराठीत सांगायला."

"जसं येईल तसं सांग."

मग ती एकेक शब्द काढायला लागली. "आजी म्हणाली... ती माझ्यावर कधी रागावली नाही. आणि... मी रागावले, ते बरोबर." थांबली. "मी सॉरी म्हटलं. त्या मुली हसल्या तेव्हा मी पण... मी पण हसले होते ना. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, तिला माहीत होतं. त्याच दिवशी."

मी तिचा हात धरला.

"मग मी विचारलं, बरी झालीस की येशील का. ऑकलंडला. तुझ्या... म्हणजे तू फलटणला गेल्यावर, तिच्या टर्नला." ती शब्द शोधत होती, मी मध्ये घातला नाही. "तर ती म्हणाली, नाही. येणार नाही. असं सरळ म्हणाली. मी म्हटलं, मेबी. तर ती म्हणाली, नाही बाळा, आता खोटं नको."

एवढं सांगायला तिला कितीतरी वेळ लागला. ओम भूक लागली म्हणून येऊन गेला, पुन्हा आला. बाहेर ऊन उतरलं. ती मध्येच अडायची, रडायची, पुन्हा मागून सुरू करायची. तिचं सगळं सांगून होईपर्यंत मी जागची उठले नाही.