दीडशे तोंडांचं होय

बाबली घाडी भांडखोर आहे असं कुणी म्हणालं असतं, तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं तो पाडेली होता. लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे, हा त्याचा धंदा. माडाच्या शेंड्यावरून गावातली सगळी परसं दिसतात. कोणाच्या विहिरीवर कोण कुजबुजतंय, कोण कोणाच्या कुंपणातून पलीकडे जातंय, सगळं दिसतं. बाबलीने त्यातला एक शब्द कधी खाली आणला नाही. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याचं भांडण झालं ते फक्त माकडांशी.

तो बोलायचा वर्षातून तीनचार वेळा, देवळाच्या पायरीवर उभा राहून. गाऱ्हाणं घालायचा मान घाडी घराण्याचा. गावाच्या वतीने देवाला सगळ्यांचं सुखदुःख मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेल्या लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, ही रीत. माडावरून ‘खाली कोण नाय मां?’ असं ओरडून कमावलेला आवाज. बाबली गाऱ्हाणं घालू लागला की खाडीपलीकडच्या वाडीत कळायचं.

गाव आचऱ्याच्या पुढे, खाडीकाठचं. तीन वर्षांपासून खाडीत दत्तप्रसादचे वाळूचे पंप चालू होते. दत्तप्रसाद गावचाच, चार डंपरांचा मालक, सगळ्या पक्षांच्या सभांना पहिल्या खुर्चीवर. त्याच्याकडे परवाना होता तो पाण्यात बुडी मारून बादलीने वाळू काढायचा. काढत होता तो सक्शन पंपाने. तळ खरवडला गेला तसा खाडीचं पाणी अडवणारा खारा बांध दोन ठिकाणी खचला, भरतीचं पाणी मळ्यात शिरलं आणि काठावरच्या चौदा विहिरी खारट झाल्या. बाबलीची त्यांतलीच एक. तुळसा, त्याची बायको, त्या पाण्यात डाळ शिजवायची तर दोन तास झाले तरी डाळ दगडासारखी. कचेरीत अर्ज गेले. अर्ज मिळाल्याची पोच आली. एवढंच आलं.

गावात मग जे होतं तेच झालं. पारावर सगळे वाघ, दत्तप्रसादची गाडी दिसली की सगळे ‘काय शेट, बरे मां?’

देवदिवाळीला बाबली पायरीवर उभा राहिला. त्याने आधी काही ठरवलं होतं का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. नेहमीसारखी सुरुवात झाली.

“बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत. तेंचा चुकलामाकला पोटात घी.”

“होय म्हाराजा!”

“जी पोरां पोटापाठी मुंबैक, परदेशात गेली, तेंका सुखरूप ठेव.”

“होय म्हाराजा!”

“आणि हो दत्तप्रसाद खाडयेत पंप घालून आमचो बांध खाता, आमच्या बायांच्या पाण्यात मीठ घालता, तेका बुद्धी दी. बुद्धी घेणा नसात, तर तेचो पंप बुडव!”

“होय म्हाराजा!”

दीडशे माणसं एका दमात म्हणून गेली, आणि मग त्यांना कळलं आपण काय म्हटलं ते. काहींनी सवयीने म्हटलं होतं, बऱ्याच जणांनी मनापासून. गंमत म्हणजे पहिल्या रांगेत हात जोडून उभ्या असलेल्या दत्तप्रसादचेही ओठ हलले. जन्मभराची सवय, ती काय माणूस बघून थांबते?

हे सगळं तिथेच राहिलं असतं. पण तुळसा दरवर्षी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढून पोलंडला पाठवायची. तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा प्रीतम एका फर्निचरच्या गोदामात कामाला होता. पहिल्या वर्षी तिथल्या एजंटाने त्याचा आणि बरोबरच्या पोरांचे पासपोर्ट काढून घेतले होते. मग कोणीतरी त्यांच्या हातात एक पत्रक ठेवलं, कामगाराचे हक्क काय ते सांगणारं. प्रीतमने कामगार निरीक्षकाकडे लेखी तक्रार केली आणि नवव्या दिवशी पासपोर्ट हातात आला. तेव्हापासून पोरगं फोनवर बापाला एकच गोष्ट ऐकवायचं. “बाबा, हयसर लोक फलक घेवन हापिसासमोर उभे रवतत, मालकाचा नाव घेवन बोलतत. पोलीस बाजूक उभो आसता, पण हात लावणा नाय.” बाबलीला ते खोटं वाटायचं नाही. फक्त लांबचं वाटायचं.

तर त्या पोराने व्हिडिओ फेसबुकवर टाकला. वर लिहिलं, ‘शेटचेय ओठ बघा.’ चार दिवसांत सावंतवाडीपासून विजयदुर्गापर्यंत लोक हसले. शिवी माणूस पचवतो, तक्रार तर ढेकर न देता पचवतो. हसणं पचत नाही. दत्तप्रसाद बांद्याला लग्नाला गेला तर मांडवात कोणीतरी मागून बारीक आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणालं. तो न जेवता परतला.

दुसऱ्या दिवशी बाबलीला चौकीवरून फोन आला. तो गेला, दिवसभर बाकावर बसला, संध्याकाळी ‘उद्या या’ सांगितलं. असं तीन दिवस. ना कोणी काही विचारलं, ना कागद दिला. चौथ्या दिवशी तुळसाने त्याला धरून मालवणच्या कोर्टात नेलं. तिथे गरिबांसाठी मोफत वकील मिळतो असं तिने ऐकलं होतं. मिळाली ती आकांक्षा, तीस वर्षांची, चष्मेवाली, बोलण्यात धारदार.

“तुमच्यावर गुन्हा नोंदलेला नाही,” आकांक्षा म्हणाली. “लेखी नोटिशीशिवाय जायचं नाही. आणि तुमच्या वयाच्या माणसाचा जबाब घ्यायचा तर पोलिसांनी घरी यायचं असतं. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“कोण सांगतलो?” बाबली म्हणाला, मग भान येऊन शुद्ध बोलायला गेला. “म्हणजे, आम्हाला कोण सांगणार बाईसाहेब.”

पुढच्या वेळी चौकीचा फोन आला तेव्हा बाबलीने “नोटीस पाठवा” एवढे दोन शब्द म्हटले आणि फोन ठेवला. फोन पुन्हा आला नाही. बाबली हरखला. आयुष्यात पहिल्यांदा कायदा नावाची वस्तू त्याच्या बाजूला येऊन बसली होती.

मग आली ती कोर्टाची नोटीस. दत्तप्रसादने बदनामीची फिर्याद लावली होती. आरोपी नंबर एक बाबली, आरोपी नंबर दोन प्रीतम. दखल घेण्याआधी कोर्टाने बाबलीचं म्हणणं मागवलं होतं. आकांक्षाने समजावलं, बोललेलं खरं असेल आणि चारचौघांच्या हिताचं असेल, तर ती बदनामी होत नाही. पण खरं आहे हे एकट्या बाबलीने म्हणून भागणार नाही. “मला तुमच्या घराबाहेरचा एक माणूस आणा. एकच. माझी विहीर खारट झाली आणि पंप दत्तप्रसादचा आहे, एवढं लिहून सही करणारा.”

एक माणूस. दीडशेंतला एक. बाबलीला वाटलं, हे तर माडाखाली पडलेला नारळ उचलण्याइतकं सोपं.

तो आधी शंकरकडे गेला. शंकर त्याचा शेजारी. त्याची विहीर तर सगळ्यांत आधी खारावली होती, आणि व्हिडिओत सगळ्यांत मोठं ‘होय’ त्याचंच होतं.

“बाबली, माजो पोरगो तेच्या डंपरार कामाक आसा रे,” शंकर म्हणाला. “मी देवाक होय म्हटलंय, तुका नाय.”

मग सीताकाकी. तिने चहा केला, साखर दोन चमचे जास्त घातली, आणि विषय काढू दिला नाही. तिसऱ्या घरी दार उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. सतरा घरं झाली. कोणी वाईट बोललं नाही, आणि तेच बाबलीला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर घरी येऊन दोन घास तरी जेवला असता. माणसं वाईट नव्हती. भ्यालेली होती, आणि भ्यालेल्या माणसाशी भांडता येत नाही.

आकांक्षा म्हणाली, “व्हिडिओत तोंडं दिसतात. मी कोर्टाला सांगून त्यांना समन्स काढायला लावू शकते. बोलावं लागेल त्यांना.”

“नको,” बाबली म्हणाला. “मला चौकीवर बसवलं तसं मी त्यांना बसवायचं? आपणहून कोण आला तर आला.” आकांक्षाने पेन टेबलावर आपटलं. तिचंही बरोबर होतं.

दत्तप्रसाद एके दिवशी दुपारी स्वतः आला. ओटीवर बसला, पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला. खारट लागलं असणारच.

“बाबलीभाऊ, माका तुमच्याशी वैर नाय. माफी लिवन देवा, देवळात वाचून दाखवा, संपला. नायतर केस चलतली धा वर्सां. प्रीतमाचो पासपोर्ट पुढल्या वर्सा संपता मां? केस आसताना नवो मिळणा कठीण. हकडे इलो तर परत जावक मिळाचा नाय, आणि थंयच रवलो तर आवशीक बघूक मिळाचो नाय.” शेवटचं वाक्य तो आत स्वयंपाकघराकडे बघून म्हणाला.

“मी खोटा काय बोल्लंय ता सांग,” बाबली म्हणाला. “ता सांग, आत्ता माफी मागतंय.”

दत्तप्रसाद उठून गेला. तुळसा बाहेर आली, तांब्या उचलला, उरलेलं पाणी अंगणात फेकलं. रात्री प्रीतमचा फोन आला तेव्हा तो रडत होता. “बाबा, व्हिडिओ काढून टाकलंय मी. चुकला माजा. हयल्यासारख्या थंय चालता असा वाटला माका.” बाबलीने त्याला समजावलं की काही चुकलेलं नाही. तुळसाने फोन घेतला आणि विचारलं, “जेवलंस?”

तारखेच्या दिवशी आकांक्षाने त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात थांबवलं. तिच्या हातात दोन कागद होते. पहिला दत्तप्रसादचा अर्ज, आरोपी नंबर दोन प्रीतम याचं नाव फिर्यादीतून वगळावं म्हणून. बाबलीचा चेहरा उजळला. “पोरगो सुटलो?” तो म्हणाला. इथे शुद्ध बोलायचं असतं हे तो विसरला.

“सुटला. पण हा दुसरा कागद त्याच तारखेचा आहे. गावातल्या लोकांचं प्रतिज्ञापत्र. आम्ही रिवाजाप्रमाणे होय म्हणालो, बाबली घाडी काय बोलले त्याच्याशी आम्ही सहमत नाही, विहिरींबद्दल आमची तक्रार नाही.” तिने पान उलटलं. “चौतीस सह्या आहेत.”

“शंकराची आसा?”

“आहे. सीताबाईंचीही. पण पहिली सही...” तिने कागदच त्याच्यासमोर धरला. बाबली चौथीपर्यंत शिकलेला. अक्षरं जुळवत त्याने वाचलं. तुळसा बाबली घाडी. सही तिचीच होती. ‘ळ’चं पोट मोठं काढायची तिची सवय त्याला ठाऊक होती.

आकांक्षा म्हणाली, “जबरदस्तीने घेतली असेल तर तसं सांगता येईल. त्या येऊन सांगतील?”

“नाही,” बाबली म्हणाला. “ती सांगणार नाही. मी विचारणारही नाही.”

पण घरी आल्यावर विचारलं. न विचारता राहवेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. तुळसा चुलीपुढे होती. त्याच्या येण्यावरूनच तिला कळलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“सांगलं आसतंस तर मी काय नको म्हटलं आसतंय?” बाबलीचा तो सात माड ऐकू जाणारा आवाज फुटला. “पोरासाठी मीच सांगलं आसतंय, गो, कर सही म्हणान!”

“म्हणानच सांगूक नाय,” तुळसा म्हणाली. “तुमच्या तोंडातसून ता येवक नको होता. मागे सरलंय ती मी. तुमी नाय.”

तो तिथेच जमिनीवर बसला आणि पोरासारखा रडला. तिच्यावर रागवावं असं त्याला फार वाटत होतं, आणि रागाला कुठे जागाच सापडत नव्हती. तिने ताट वाढून त्याच्यापुढे सरकवलं, स्वतः न जेवता समोर बसून राहिली.

पुढची तारीख सोळाची पडली. बाबली सहाच्या एसटीने एकटाच गेला. आकांक्षाने ‘बोललो ते खरं आहे’ हे त्याचं म्हणणं दाखल केलं. साक्षीदारांच्या यादीत एकच नाव होतं, त्याचं स्वतःचं.