दारू सुकी ठेवणार कोण?

धाकलूतात्या कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर तळहात टेकवायचे. ओल आहे का, ते बघायला. तळा गावाजवळच्या दगडखाणीत त्यांनी तीस वर्षं सुरुंग लावले होते. बंदुकीच्या दारूचे डबे सांभाळता सांभाळता ती सवय हाताला लागली, ती काम सुटल्यावरही राहिली.

मी तळ्याच्या शाळेत इतिहास शिकवते. एका पालकसभेत मी हौसेनं भाषण केलं होतं : प्राचीन काळी बंदुकीची दारू असती तर? मी ठामपणे सांगितलं, की सम्राटांनी रानातल्या टोळ्या एका मोसमात संपवल्या असत्या. टाळ्या पडल्या. मग नात सरितासोबत आलेले तात्या मागच्या बाकावरून सावकाश उठले.

"बाई, कुठल्या मोसमात?"

मला कळेना. ते शांतपणे म्हणाले, "नाय म्हंजे, आपल्याकडं चार महिने पाऊस. दारू सुकी ठेवणार कोण?"

सभा हसली. माझे कान तापले. दोन दिवस मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते, आणि एकही टिकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले आणि वर्गावर यायचं आमंत्रण दिलं. मुलांसमोर पुन्हा हसू होईल ही भीती होतीच. पण मुलांना चुकीचं शिकवणं त्याहून वाईट वाटलं.

तात्यांनी फळ्याकडे पाहिलंही नाही. वर्ग मैदानावर नेला, अर्धी मुलं साम्राज्याची केली, अर्धी रानातली. साम्राज्याला कोळशाच्या भुकटीच्या पुड्या दिल्या, रानवाल्यांना पाण्याचे तांबे. भिजली ती पुडी मेली, एवढाच नियम. साम्राज्य मोठ्या ऐटीत निघालं आणि आंब्याखाली, रानवाल्यांच्या हद्दीत, पोचेपर्यंत निथळत होतं. सरितानं तर सेनापतीलाच न्हाऊ घातलं. तात्या पोट धरून हसत होते.

दुसऱ्या डावात रानवाल्यांनी बारा पुड्या पळवल्या. नाचले, धडाधड उडवल्या, आणि संपल्या. आता काय, म्हणून सरितानं आजोबांकडे पाहिलं. तात्यांनी साम्राज्याकडे बोट दाखवलं. तिकडे पुड्यांचा ढीग होता. सरिता मागायला गेली, तेव्हा सेनापतीनं बदल्यात अख्खं आंब्याचं झाडच मागितलं.

हसणं थांबलं. तात्या खाली बसून मुलांना म्हणाले, "बघा, हरवलं न्हाय कुणी तुमाला. गिऱ्हाईक केलं. दारू उडवायला कुणीबी शिकतो. बनवायला शिकला तो खरा."

पुस्तकात एवढं सरळ मला कधी सापडलं नव्हतं. त्या दिवशी मी माझं भाषण फाडून टाकलं. तात्या मात्र दर शनिवारी येऊ लागले. खाणीत आपल्या हाताखाली एकाही माणसाला खरचटलं नाही, हे ते एकदाच बोलले, तेही मुलांनी खोदून विचारल्यावर. एकदा टिटवीची फुटायला आलेली अंडी दिसली म्हणून त्यांनी सुरुंग अर्ध्या दिवसानं पुढे ढकलला होता. मुकादम बोंबलत राहिला, तात्या विडी ओढत राहिले.

पुढच्या वर्षी ते मुलीकडे श्रीवर्धनला राहायला जाणार, असं ठरलं. निघायच्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन होतं. शेवटी मोठा भुईनळा लावायचा होता, आणि तो तात्यांनीच लावावा असा मुलांचा हट्ट. त्यांनी सगळ्यांना वीस पावलं मागे नेलं, वात पेटवली आणि चालत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. भुईनळा माडाएवढा उसळला. मुलांनी आरोळी ठोकली. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला काय नवल याचं?"

ते वरून नजर न काढता म्हणाले, "बाई, सुरुंग उडताना आमी खडकामागं डोकं खाली घालून पडलेलं असायचो. तीस वर्षं दारू पेटवली, बघितली आज."